‘माझं पात्र असंच वागलं असतं’ : खेळाच्या टेबलावरची भांडणं

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन-तीन फोन आले. एका जुन्या सहकाऱ्यानं विचारलं, "काय हो, ह्यूम-कांट संपले वाटतं? आता पोरांचे खेळ काढलेत?" मी म्हटलं, संपले नाहीत, उलट या पोरांच्या खेळातच ते मला पुन्हा भेटले. त्याची ही हकीकत आहे. हकीकत आणि थोडी समीक्षा. कारण या खेळात माणसं एकमेकांशी का भांडतात, यावर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं बरंच लिहिलं गेलं आहे, आणि ते मला वाचावं लागलं. का वाचावं लागलं? तर माझ्या हातून एक चूक झाली. तिच्याकडे येतोच.

आधी खेळ काय आहे ते सांगतो; ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्यावं. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर. मुलं त्याला ‘डीएम’ म्हणतात, मी ‘सूत्रधार’ म्हणतो. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं : कुणी तिरंदाज, कुणी जादूगार, कुणी चोर. सूत्रधार म्हणतो, "समोर दगडी दार आहे, फटीतून धूर येतोय. काय करता?" मग प्रत्येक जण आपलं पात्र काय करतं ते सांगतो. जे जमेल की नाही याची शंका आहे, तिथे फासा टाकायचा. हा फासा वीस बाजूंचा असतो. लिहिलेली संहिता नाही. कोकणातल्या मंडळींना दशावतार आठवेल. आख्यान ठरलेलं, पण संवाद उभ्या जागी सुचतील तसे. इथे तर आख्यानही पुरतं ठरलेलं नसतं. या प्रकारातला पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. त्याची मुळं टेबलावर खेळायच्या युद्धखेळांत होती. पण युद्धखेळात कुणीतरी जिंकतं, कुणीतरी हरतं. या नव्या खेळात जिंकणं-हरणं असं काही उरलंच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. माझ्या मते सगळ्या भांडणांचं मूळ तिथे आहे.

आता माझी हकीकत.

माझी नात आणि तिचे चार मित्र-मैत्रिणी दर रविवारी दुपारी माझ्या घरी हा खेळ खेळतात. माझ्याच घरी का, तर हॉल मोठा आहे आणि आजोबा एकटे असतात. नात सूत्रधार. त्यातला एक जण शिकायला जर्मनीला गेला, जागा रिकामी झाली, आणि नात म्हणाली, "आजोबा, नुसतं चहा करत बसण्यापेक्षा खेळा ना." मी क्लेरिक घेतला. म्हणजे देवाचा उपासक, जखमा बऱ्या करणारा. तो मी शांततावादी केला. शक्य असेल तिथे बोलून प्रश्न सोडवायचा, असा त्याचा नेम.

एका रविवारी आमची टोळी एका पुलापाशी आली. पुलावर गॉब्लिनांचा एक नाईक पथकर मागत उभा. मी त्याच्याशी वाद सुरू केला : हा कर तू कोणत्या अधिकारानं घेतोस? पूल तू बांधलास का? नातही रंगात आली, गॉब्लिनच्या तोंडून एकेक उत्तर देत गेली. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळे हसत होते. पुढचं मला कळलं नाही, कारण मी बोलत होतो. आणि मध्येच आमच्यातला एक मुलगा, ज्याचं पात्र तिरंदाज होतं, म्हणाला, "मी बाण सोडतो." फासा टाकला. एकोणीस. गॉब्लिनचा नाईक आडवा. मग धुमश्चक्री. पुलाखालून आणखी वीस-पंचवीस निघाले, आणि त्या लढाईत एका मुलीचं पात्र मेलं. आठ महिने ती ते पात्र खेळत होती. त्याची वंशावळ लिहिली होती तिनं, चित्रं काढली होती. ती काही बोलली नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

सगळे त्या मुलावर उखडले. तो म्हणाला, "माझं पात्र असंच वागलं असतं. गॉब्लिनांनी त्याचं गाव जाळलंय." आणि मी काय केलं? मी आदल्याच आठवड्यात नातीच्या कपाटातलं रॉबिन लॉजचं एक पुस्तक वाचलं होतं. प्राध्यापकाच्या हाती नवीन शब्द आला की तो कुणाला तरी चिकटवायची घाई असते. मी म्हटलं, "अरे, हा ‘बट-किकर’. पुस्तकात असतो तसाच." सगळे हसले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढे त्याला सार्त्र ऐकवला. म्हटलं, ‘माझं पात्र असंच वागलं असतं’ हा आत्मवंचनेचा उत्तम नमुना आहे; पात्र तूच घडवलंस, आणि आता त्याच्या स्वभावाच्या आड लपतोस.

युक्तिवाद बरोबर होता. संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला : "पुढचे काही रविवार जमणार नाही, सॉरी."

मग मी वाचायला बसलो. या खेळाच्या लोकांनी भांडणांवर काय उपाय सांगितलेत ते पाहावं म्हटलं. वाचून माझं असं मत झालं की आजवर तीन प्रकारची उत्तरं दिली गेली आहेत. एक दंड, दुसरं वर्गवारी, तिसरं करार. तिन्हींत काही खरं आहे. तिन्हींत एक गोष्ट राहून गेली आहे.

पहिलं, दंड. १९७९ साली गायगॅक्सनं सूत्रधारासाठी मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्रासदायक खेळाडूंना कसं आवरावं यावर एक छोटा भाग आहे. उपाय कसले? तर त्या खेळाडूच्या पात्रावर एखादा जादा राक्षस सोडा. आकाशातून निळी वीज पाडून त्याला इजा करा. किंवा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा एक गुण कायमचा कापा. खेळातून काढून टाकण्याच्या अलीकडचे हे कडक उपाय. लिहिताना तो थोडा गमतीत असावा, असं मला वाटतं. पण पुढे कितीतरी सूत्रधारांनी हे गंभीरपणे घेतलं.

यात चूक काय आहे, ते एका समाजशास्त्रज्ञाकडून समजून घेता येतं. गॅरी ॲलन फाइन. त्यानं अशा गटांत बसून, खेळून, निरीक्षणं केली आणि १९८३ मध्ये ‘शेअर्ड फँटसी’ नावाचं पुस्तक लिहिलं. अर्व्हिंग गॉफमनची ‘चौकटी’ची कल्पना त्यानं वापरली. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तीन चौकटींत असतो, असं तो म्हणतो : एक माणूस म्हणून, एक खेळाडू म्हणून आणि एक पात्र म्हणून. माणसाला भूक लागते, उद्या ऑफिस असतं. खेळाडूला नियम माहीत असतात, फाशाचा हिशेब असतो. पात्राला गॉब्लिनांचा राग असतो. आता बघा. भांडण झालं माणसा-माणसांत, आणि वीज पाडली पात्रावर! नवरा-बायकोचं भांडण झाल्यावर भाजीत मीठ जास्त घालण्यासारखं आहे हे. निरोप पोचतो, पण काय म्हणायचं होतं ते पोचत नाही. आमच्याकडेही, जिचं पात्र मेलं होतं ती मुलगी नातीला म्हणाली होती, "पुढच्या वेळी त्याच्या तिरंदाजाला फाशी दे." नात नाही म्हणाली. तिचं मला कौतुक वाटलं.

दुसरं उत्तर, वर्गवारी. इथे जरा थांबावं लागेल, कारण या बाबतीतलं सर्वात चांगलं आणि सर्वात घातक लिखाण इथेच आहे.

१९८० मध्ये ग्लेन ब्लॅको नावाच्या गृहस्थानं ‘डिफरंट वर्ल्ड्स’ या मासिकात एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं : सगळे एकच खेळ खेळतात असं आपण धरून चालतो, पण तसं नाही. कुणाला डावपेच हवेत, कुणाला आपल्या पात्राची ताकद वाढवायची आहे, कुणाला भूमिकेत शिरायचंय, कुणाला गोष्ट हवी. हे म्हणणं फार मोलाचं होतं. तोवर समोरचा ‘चुकीचं’ खेळतोय असंच वाटायचं. ब्लॅकोमुळे तो ‘वेगळं’ खेळतोय असं म्हणता आलं.

मग २००१ च्या सुमाराला रॉन एडवर्ड्स आला. त्यानं तीन प्रेरणा मांडल्या. आव्हानाला भिडणं, कथेतून काही अर्थ उभा करणं, आणि कल्पित जग सुसंगतपणे अनुभवणं. एडवर्ड्स हा तिघांतला सर्वात कडक विचार करणारा. त्याचं म्हणणं, एकाच क्षणी या तिन्ही गोष्टी साधायला गेलात तर खेळ विसंगत होतो आणि माणसं दुखावतात. हे वर्गीकरण खेळातल्या निर्णयांचं आहे, माणसांचं नव्हे, असंही त्यानं बजावलं होतं. अनुयायांनी नेमकं तेवढंच सोडून दिलं, आणि लोक एकमेकांना त्या तीन नावांनी हाका मारू लागले. गुरूचा इशारा विसरून फक्त परिभाषा उचलायची, हे आपल्याकडच्या संप्रदायांना काही नवीन नाही.

आणि तिसरा, रॉबिन लॉज. २००२ सालची त्याची छोटी पुस्तिका, ज्यातला शब्द मी त्या मुलाला चिकटवला. तीत खेळाडूंचे सात प्रकार आहेत : ताकद जमवणारा, दिवसभराचा शीण मारामारीत काढणारा, डावपेच आखणारा, दर वेळी एकाच तऱ्हेचं पात्र घेणारा, भूमिकेत शिरणारा, गोष्टीसाठी येणारा, आणि नुसताच सोबतीला येऊन बसणारा. पुस्तक खरोखर सहृदय आहे. प्रत्येकाला त्याच्या वाटणीचं काही मिळालं पाहिजे, गप्प बसणाऱ्यालाही मोल आहे, असं लॉज म्हणतो. स्वयंपाकघरातल्या अनुभवी बाईचं शहाणपण आहे त्यात : एकाला तिखट, एकाला गोड, पण पंगत एकच.

मग दोष कुठे? दोष असा की ‘प्रकार’ हा शब्द ऐकायचं काम थांबवतो. मी त्या मुलाला ‘बट-किकर’ म्हटलं, त्या क्षणी त्यानं बाण का सोडला हा प्रश्न माझ्यापुरता मिटला. तो तसाच आहे, म्हणून त्यानं तसं केलं. हे उत्तर वाटतं, पण उत्तर नाही. अफूनं झोप का येते, तर तिच्यात झोप आणण्याची शक्ती असते म्हणून, असं सांगणाऱ्या डॉक्टरची मोलिएरनं टिंगल केली होती. त्यातलीच ही गत. आणि गंमत बघा, लॉजच्या व्याख्येतच खरी किल्ली होती : दिवसभराचा शीण काढणारा. कसला शीण, हे विचारायला हवं होतं. मी नाव उचललं आणि प्रश्न तिथेच ठेवला.

एक चांगली गोष्ट सांगतो. २००८ साली याच खेळाच्या चौथ्या आवृत्तीच्या सूत्रधार-ग्रंथात खेळाडूंचे प्रकार नामांनी दिले होते : अभिनेता, शोधक, विचारी, वगैरे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तीच यादी जवळपास परत आली, पण शब्दांची रूपं बदलली. अभिनय करणं, शोध घेणं, लढणं, कोडी सोडवणं, खोडी काढून काहीतरी घडवणं. कर्त्याची क्रिया झाली. कुणी मुद्दाम केलं की सहज झालं, त्यात मी जात नाही. पण व्याकरणातला हा बदल मला फार मोठा वाटतो. ‘तू भांडखोर आहेस’ आणि ‘तू आज भांडलास’ यांत केवढं अंतर आहे, हे आपल्या सगळ्यांच्या घरात ठाऊक आहे. पहिल्या वाक्यानंतर माणसाला काही करता येत नाही. दुसऱ्यानंतर येतं.

तिसरं उत्तर, करार. गेल्या वीसेक वर्षांत हे पुढे आलं. खेळ सुरू होण्याआधी एकदा बसायचं आणि ठरवायचं : कसला खेळ हवा, काय चालेल, काय मुळीच नको. याला ‘सेशन झिरो’ म्हणतात. २०२० सालच्या एका अधिकृत पुस्तकात त्यावर स्वतंत्र भाग आला आणि त्यात ‘सामाजिक करार’ असे शब्दही आहेत. रूसोला बरं वाटलं असतं. मग एक्स-कार्ड. जॉन स्टॅवरोपोलस यानं सुचवलेली ही युक्ती : टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. खेळात काही असह्य वाटलं तर त्याला हात लावायचा. तो भाग तिथेच सोडून द्यायचा, कारण विचारायचं नाही.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. लहानपणी पळापळीत चप्पल तुटली, दम लागला, की आपण काय म्हणायचो? ‘टाइमप्लीज!’ आणि आपल्यावर राज्य येत नसे. का, कशासाठी, कुणी विचारत नसे. आणि धाकट्या भावंडांसाठी ‘कच्चा लिंबू’ होताच. म्हणजे एकाच खेळात दोन जणांना दोन नियम, आणि खेळ तरीही एकच. आपल्या गल्लीत हे शहाणपण होतं. मोठेपणी ते छापून घ्यावं लागलं, एवढंच.

करार चांगला आहे, पण त्याची मर्यादा ह्यूमनं १७४८ मध्येच दाखवून ठेवली आहे. ‘मूळ करार’ या कल्पनेवरच्या त्याच्या निबंधात एक दृष्टान्त आहे : माणसाला झोपेत जहाजावर आणून टाकायचं, आणि समुद्राच्या मध्यभागी म्हणायचं की तू जहाजावर आहेस म्हणजे कप्तानाची सत्ता तुला मान्य आहे. आमच्या टेबलावर सेशन झिरो झालं होतं. मी नव्हतो. मी वर्षभरानं आलो. लढाई आणि बोलणी यांचं प्रमाण त्यांनी निम्मं-निम्मं ठरवलं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही; आणि आजोबांना कोण सांगणार? आणखी एक. सुरुवातीला करार करताना आपल्याला काय आवडेल हे आपल्यालाही माहीत नसतं. आठ महिन्यांनी त्या मुलीचं आपल्या पात्रावर इतकं प्रेम बसेल, हे पहिल्या दिवशी तिला तरी कुठे ठाऊक होतं?

तर दंड, वर्गवारी, करार. यांच्यापलीकडे काय? इथे मी बर्नार्ड सूट्सची मदत घेतो. १९७८ साली त्यानं ‘द ग्रासहॉपर’ नावाचं पुस्तक लिहिलं. खेळाच्या तत्त्वज्ञानावर इतकं खेळकर आणि इतकं काटेकोर दुसरं पुस्तक मला माहीत नाही. खेळात तीन प्रकारचे बिघाड करणारे असतात, असं तो म्हणतो. लबाड : त्याला उद्दिष्ट मान्य, नियम मान्य नाहीत. आपल्या भाषेत रडीचा डाव. चाळेखोर : त्याला नियम मान्य, पण उद्दिष्टाशी देणंघेणं नाही, बुद्धिबळात नियमाप्रमाणेच सोंगट्या हलवतो, पण राजाला मात द्यायला नव्हे, पटावर नक्षी छान दिसावी म्हणून. आणि खेळमोड्या : त्याला दोन्ही मान्य नाहीत.

आता हे आपल्या खेळाला लावून बघा. मी मघाशी म्हटलं, इथे जिंकणं नाही. मग उद्दिष्ट काय? सर्वांचं मिळून एक असं ठरलेलं नाही. मग चाळेखोर कोण? गॉब्लिनशी चाळीस मिनिटं न्यायशास्त्र बोलणारा मी, त्या तिरंदाजाच्या दृष्टीनं चाळेखोर होतो. नियम मी एकही मोडला नाही, पण खेळ पुढे नेत नव्हतो. आणि माझ्या दृष्टीनं बाण सोडणारा तो खेळमोड्या. त्यानंही नियम मोडला नव्हता. या खेळात प्रत्येक जण दुसऱ्याच्या नजरेतून चाळेखोर ठरू शकतो. बुद्धिबळात असं होत नाही, कारण तिथे मात म्हणजे काय यावर वाद नसतो. म्हणून इथे ‘कोण चुकीचं खेळतोय’ या प्रश्नाला टेबलाबाहेरचं कुठलंही पुस्तक उत्तर देऊ शकत नाही. उत्तर एकमेकांना विचारूनच मिळतं. आणि एकदाच नाही, पुन्हा पुन्हा.

तीन आठवडे झाले तरी तो मुलगा आला नाही. नात एके दिवशी म्हणाली, "आजोबा, एक सांगू? रागावू नका. त्या दिवशी तुम्ही चाळीस मिनिटं बोलत होतात. मी घड्याळ बघितलं होतं." मी म्हटलं, मग तू थांबवलं का नाहीस? ती म्हणाली, "मलाही मजा येत होती. चूक माझीपण आहे." मी त्या मुलाला फोन केला. आधी माफी मागितली. तो अवघडला, "नाही आजोबा, असू दे" वगैरे म्हणाला. मग मी विचारलं की तुला नक्की काय होत होतं? तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "आजोबा, मी कस्टमर सपोर्टला आहे. आठवडाभर कानाला हेडफोन लावून लोकांशी वाटाघाटीच करतो. समोरचा ओरडतो, मी शांत बोलतो. रविवारी एक दिवस मला कुणाचं ऐकून घ्यायचं नसतं. आणि रविवारीही बोलणीच."

मंडळी, ‘बट-किकर’ या शब्दात हे सगळं कुठे होतं?

मग मला माझाच युक्तिवाद आठवला. पात्र तूच घडवलंस आणि त्याच्या आड लपतोस. माझा क्लेरिक शांततावादी कुणी केला? मीच. आयुष्यभर वर्गात बोलत आलो, निवृत्तीनंतर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं, आणि मला एक असं पात्र सापडलं की ज्याचं बोलत राहणं हा सद्गुण ठरत होता. त्यानं ‘माझं पात्र असंच वागलं असतं’ हे तोंडानं म्हटलं. मी ते न म्हणता चाळीस मिनिटं तेच करत होतो. आत्मवंचना त्याची नव्हती असं मी म्हणत नाही; त्याच्या बाणानं एका मुलीचं पात्र मेलं, आणि तिला एका शब्दानं न विचारता. पण माझी आत्मवंचना अधिक सफाईदार होती. तिला तत्त्वज्ञानाची परिभाषा होती.

आता आमच्याकडे काय करतो? फार काही नाही. खेळ संपला की दहा मिनिटं फासे बाजूला ठेवतो आणि प्रत्येक जण दोन वाक्यं बोलतो : आज मजा कधी आली आणि कंटाळा कधी आला. ‘तू’ने सुरू होणारं वाक्य चालत नाही; ‘मला’ने सुरू करायचं. पहिली पाळी सूत्रधाराची, म्हणजे मग बाकीच्यांना धीर होतो. माझ्यासमोर नातीनं वाळूचं एक छोटं घड्याळ ठेवलंय, ते बोर्डगेममधलं. वाळू संपली की राज्य दुसऱ्यावर. आणि एखाद्याच्या करण्यामुळे दुसऱ्याचं पात्र मरू शकत असेल, तर फासा टाकण्यापूर्वी त्या दुसऱ्याला माणूस म्हणून विचारायचं, "चालेल ना?" पात्र म्हणून नाही. एवढंच.

तो मुलगा मात्र आमच्या टेबलावर परत आला नाही. त्याला दुसरा गट मिळालाय, तिथे दणदणीत लढाया असतात. तेही योग्यच आहे. मैत्री टिकवायची म्हणजे सगळं एकत्रच केलं पाहिजे, हा एक गोड गैरसमज आहे. तो कधीमधी चहाला येतो आणि लढायांची वर्णनं करतो. मी ऐकतो. मला ऐकायला शिकायचं होतं, असं समजा.

थांबतो. एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

श्रोत्यांतून प्रश्न : सर, तुम्ही फार समजुतीचं बोललात. पण आमच्या गटात एक जण मुलींच्या पात्रांशी मुद्दाम घाणेरडं वागतो, आणि वर म्हणतो की ही माझी खेळायची पद्धत आहे. त्याचंही ऐकून घ्यायचं का?

उत्तर : बरं झालं विचारलंत, नाहीतर माझ्या बोलण्याचा गैरअर्थ निघाला असता. नाही. ती पद्धत नव्हे. आवडीतला फरक आणि दुसऱ्याला दिलेला त्रास या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कुणाला लढाई हवी, कुणाला संवाद. तिथे बोलून वाटा काढता येतात. पण एकाची मजाच मुळी दुसऱ्याच्या अवघडण्यातून येत असेल, तर तिथे वाटाघाट कशाची करणार? तो पात्राच्या चौकटीत शिरून माणसाच्या चौकटीतलं वागतोय. त्याला सरळ, माणूस म्हणून, सगळ्यांसमोर सांगा की हे चालणार नाही. आणि सांगायचं काम त्या मुलींवर टाकू नका. नाही ऐकलं तर पुढच्या रविवारी त्याला बोलावू नका. निळी वीज पाडायची गरज नाही. दार उघडून दिलं तरी पुरे.